होम थिएटरमधला ‘फट्ट’ आवाज: कुठून येतो ते नंतर, कधी येतो ते आधी

सिनेमात दोन माणसं कुजबुजत असतात आणि डावीकडच्या स्पीकरमधून ‘फट्ट’. मग दहा मिनिटं काही नाही. आपण विसरून जातो, तोवर पुन्हा ‘फट्ट’. हा आवाज मी स्वतःच्या घरी तीनदा शोधलाय, मावशीकडे दोनदा, आणि मित्रमंडळींकडे किती वेळा ते आता मोजत नाही. कुणाचा फोन आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कधी वाजतो?

कसा वाजतो, हे विचारून फारसं हाती लागत नाही. सैल वायर, थकलेला रिले (स्पीकर आपोआप जोडणारा-तोडणारा आतला खटका), चुकीचं सेटिंग, सगळ्यांचा ‘फट्ट’ जवळपास सारखाच असतो. वेळ मात्र प्रत्येकाची वेगळी. म्हणून दोन दिवस हातात स्क्रूड्रायव्हर घेऊ नका. कागद घ्या. आवाज आला की किती वाजले, काय चालू होतं, कोणता स्पीकर, त्या क्षणी घरात दुसरं काय झालं, एवढं लिहा.

लक्षणं

सिस्टीम चालू किंवा बंद करतानाच ‘ढप्प’ होत असेल तर ती एक जात. ॲप बदललं, इनपुट बदललं, जाहिरात संपून सिनेमा सुरू झाला, किंवा बराच वेळ शांत असलेल्या सिस्टीममधून पहिला आवाज निघाला आणि तेव्हा ‘टप्’ झालं, तर ती दुसरी. तिथे बहुतेक वेळा बिघाड नसतोच, सेटिंग असतं.

फ्रिजचा कॉम्प्रेसर, पंखा किंवा ट्यूबलाइट चालू-बंद होताना आवाज येत असेल तर भानगड विजेच्या वाटेने येते. ठरावीक एकाच स्पीकरमधून, केव्हाही, विशेषतः त्याला धक्का लागल्यावर येत असेल तर वायर. फक्त स्फोट किंवा गडगडाटाच्या दृश्यात ‘ठक्’ होत असेल तर सबवूफरवर (फक्त जाड आवाज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरवर) त्याच्या कुवतीबाहेरचं ओझं पडतंय.

आणखी दोन लक्षणं गंभीर. आवाज कमी ठेवला की एक बाजू हळूच गायब होते आणि वाढवला की फट्ट करून परत येते, हे एक. सगळं शांत असताना, काहीही न वाजवता सबवूफर स्वतःहून दणका देतो, हे दुसरं. या दोन्ही लक्षणांवर शेवटी येते, कारण तिथपर्यंत फार थोड्यांना जावं लागतं.

बटण दाबल्यावर चार-पाच सेकंदांनी रिसीव्हरच्या (सगळ्या उपकरणांचा आवाज घेऊन स्पीकरना देणाऱ्या) पेटीतून येणारी ‘टक्’ मात्र दोष नव्हे. आतलं सर्किट स्थिरावल्यावर रिले स्पीकर जोडतो, त्याचा तो आवाज. स्पीकरमधून काही येत नसेल आणि फक्त पेटीतून ‘टक्’ येत असेल तर तिच्या नादी लागू नका.

काहीही न उघडता, फुकटात

सगळ्यात आधी तेच दृश्य मागे नेऊन पुन्हा लावा. त्याच जागी पुन्हा फट्ट झालं तर ते रेकॉर्डिंगमध्येच आहे, किंवा नेटवरून येणाऱ्या त्या फाइलमध्ये. हसू नका, एकदा मी दीड तास वायरी तपासल्या होत्या आणि आवाज ध्वनिमुद्रणातला निघाला.

चालू-बंद करतानाचा ढप्प असेल तर क्रम बदलून बघा. आधी टीव्ही, प्लेअर, सेट-टॉप बॉक्स; सगळ्यात शेवटी रिसीव्हर किंवा ॲम्प्लिफायर. बंद करताना उलट, ॲम्प्लिफायर पहिला. कोणतंही उपकरण चालू होताना त्याच्या आउटपुटवर क्षणभर विजेचा झटका येतो. ॲम्प्लिफायर तेव्हा जागा असला तर तो झटका मोठा करून स्पीकरला देतो, झोपलेला असला तर झटका वाया जातो. सगळे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावून बोर्डाच्या बटणाने सगळं एकदम बंद करायची सवय असेल, तर हा आवाज त्या सवयीचाच आहे. रिसीव्हरला आधी रिमोटने स्टँडबायला पाठवा, मग बोर्ड बंद करा.

सबवूफरच्या मागे ‘ऑटो’ आणि ‘ऑन’ असा खटका असतो. ऑटोवर असला की थोडा वेळ सिग्नल आला नाही तर सबवूफर झोपतो आणि पहिल्या जाड आवाजाला दचकून उठतो. संथ, संवादांच्या सिनेमात हे तासाभरात दोन-तीनदा होऊ शकतं. खटका ‘ऑन’वर करून एक सिनेमा पाहा. ढप्प थांबला तर काम झालं. थोडी वीज जास्त जाईल, पण दुसरा उपाय शोधत बसण्यापेक्षा मला हा परवडतो.

सेटिंग: इथे वेळ घालवा

टीव्हीवरून रिसीव्हरकडे आवाज जाताना तो दोन रूपांत जाऊ शकतो. पीसीएम म्हणजे उलगडलेला सरळ आवाज. बिटस्ट्रीम म्हणजे डॉल्बी किंवा डीटीएसचं बांधलेलं गाठोडं, ते रिसीव्हर उघडतो. जाहिरात पीसीएममध्ये आणि सिनेमा डॉल्बीमध्ये असेल तर प्रत्येक अदलाबदलीला रिसीव्हरला थांबून ‘आता काय आलंय’ हे ओळखावं लागतं. बरे रिसीव्हर तेवढ्यापुरता आवाज दाबून धरतात. ज्यांना ते वेळेत जमत नाही, त्यांच्यातून टप् किंवा क्षणभर खर्र निघतं, कारण न उघडलेलं गाठोडं थेट आवाज म्हणून वाजवलं तर तो निव्वळ गोंगाट असतो.

तपासणी सोपी आहे. टीव्हीच्या ऑडिओ मेनूत डिजिटल आउटपुट ‘ऑटो’वर असेल तर ते ‘पीसीएम’वर करा आणि एक संध्याकाळ बघा. टप् थांबला तर दोषी सापडला. पण हे निदान आहे, कायमचा इलाज नव्हे: ऑप्टिकल केबलमधून आणि साध्या एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे पाठवायची सोय) पीसीएम फक्त दोन चॅनेलचा जातो, म्हणजे मागच्या स्पीकरना स्वतंत्र आवाज मिळत नाही. दोषी सापडल्यावर प्लेअर टीव्हीला न जोडता थेट रिसीव्हरच्या एचडीएमआयला जोडा. किंवा टीव्ही आणि रिसीव्हर दोघांकडेही ईएआरसी (एआरसीची सुधारलेली आवृत्ती) असेल तर ते चालू करा. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ईएआरसी २०१७ च्या २.१ बरोबर, जुन्या टीव्हीच्या मेनूत हा शब्द शोधून सापडणार नाही.

हाच प्रकार सॅम्पलिंगचा, म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा मोजून साठवलाय त्या दराचा. गाण्याची सीडी ४४.१ किलोहर्ट्झची, सिनेमाचा आवाज ४८ चा. गाणी आणि व्हिडिओ आळीपाळीने लावले की प्रत्येक वेळी रिसीव्हर नव्याने ताल धरतो आणि तेवढ्यात टप् वाजतं. प्लेअरमध्ये आउटपुट एकाच दरावर बांधायची सोय असेल तर ४८ वर बांधून टाका.

कॉम्प्युटर जोडलेला असेल आणि प्रत्येक नव्या आवाजाच्या सुरुवातीला टप् होत असेल, तर मला फार विचार करावा लागत नाही. काही सेकंद शांतता झाली की आतली ऑडिओ चिप वीज वाचवायला झोपते, उठताना टपकते. ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये ऑडिओची वीजबचत बंद करा. टीव्हीच्या मेनूतले बटणांचे आवाजही बंद करून बघा. रिमोटचं बटण दाबलं की येणारा टप् कधीकधी तोच असतो.

सेटिंग चाळून झाली की रिसीव्हरचं सॉफ्टवेअर अपडेट आहे का ते पाहा. फॅक्टरी रिसेट त्यानंतर. त्याआधी स्पीकरची अंतरं आणि पातळ्या लिहून घ्या, ती पुसली जातात.

वायरी

आता हात घालायचा. सगळी उपकरणं भिंतीवरून बंद करा, नुसती स्टँडबायला नव्हे. विशेषतः आरसीए केबल (सबवूफरला सिग्नल नेणारी, गोल प्लगची) चालू सिस्टीममध्ये कधीच काढू-लावू नका. तिची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते, त्यामुळे क्षणभर ग्राउंडशिवाय नुसता सिग्नल जोडला जातो आणि सबवूफर जो दणका देतो, त्याने त्याचा पडदा दुखावू शकतो.

एकेक प्लग बाहेर काढा, बघा, परत घट्ट बसवा. नुसतं काढून बसवण्याने धातूवरचा काळपट थर खरवडला जातो, आणि थोड्या दिवसांपुरते बरेच आजार तेवढ्यानेच बरे होतात. थर जाड असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

स्पीकरच्या वायरी दोन्ही टोकांना बघायच्या, रिसीव्हरकडे आणि स्पीकरकडेही. मावशीकडचा दोष मला दुसऱ्या फेरीत सापडला, कारण पहिल्या वेळी मी फक्त रिसीव्हरमागे पाहिलं होतं. मागच्या डाव्या स्पीकरच्या टर्मिनलवर टॉर्च मारला तर लाल वायरच्या पिळातून केसाएवढी एक तार सुटून काळ्या टर्मिनलच्या कडेला टेकत होती. पूर्ण टेकत नव्हती, हवेच्या झुळकीने हलेल इतकीच. जाड आवाज आला की पेटी थरथरायची, तार टेकायची, फट्ट. उरलेला पीळ काळवंडून हिरवट झाला होता. टोक कापलं, नवं दीड सेंटिमीटर तांबं उघडं केलं, घट्ट पिळून आत सारलं. पाच मिनिटांचं काम. अशी तार फक्त आवाज करून थांबत नाही, हे ध्यानात असू द्या: पूर्ण टेकली तर ॲम्प्लिफायरचं आउटपुट शॉर्ट होतं. संरक्षण सर्किट असेल तर सेट बंद पडतो. नसेल तर ट्रान्झिस्टर जातात.

तार दिसायला ठीक असूनही शंका असेल तर अदलाबदल करा. रिसीव्हरच्या मागे डाव्या आणि उजव्या वायरी एकमेकींच्या जागी लावा. फट्ट दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष रिसीव्हरकडे किंवा त्याच्याही आधी. त्याच स्पीकरमध्ये राहिला तर वायर किंवा स्पीकर. मग फक्त स्पीकरच्या पेट्या बदला, वायरी तशाच ठेवा. दोन चालींत संशयित एक उरतो. दर वेळी एकच गोष्ट बदला. घाईघाईत एकदम तीन गोष्टी बदलून आवाज थांबवणारे लोक मला माहीत आहेत. पंधरा दिवसांनी आवाज परत येतो आणि नेमकं काय केलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

एकट्या स्पीकरची खात्री करायची असेल तर त्याच्या वायरी रिसीव्हरपासून पूर्ण सोडवा आणि १.५ व्होल्टचा साधा सेल त्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. पडदा थोडा हलतो, हलकीच टक् येते. वायर हलवत हे चार-पाच वेळा करा. कधी टक् येते, कधी येत नाही असं झालं तर आत कुठेतरी जोड तुटकी आहे. ९ व्होल्टची बॅटरी नको, आणि सेल टेकवून धरून ठेवायचा नाही.

सबवूफर

मोठ्या दृश्यातच ठक् होत असेल तर आधी सबवूफरच्या मागचं गेन (आवाजाची पातळी ठरवणारं बटण) कमी करा. सिनेमातल्या जाड आवाजाचा वेगळा चॅनेल वाजवताना मुळातच बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल वर घेतलेला असतो. त्यात मागचं गेन पूर्ण फिरवलेलं असलं की पडदा आपल्या हद्दीच्या टोकाला जाऊन आपटतो. बाकीचे छोटे स्पीकर मेनूत ‘लार्ज’ असतील तर ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा जाड आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे न झेपणारं ओझं त्यांच्यावरून उतरेल.

आता ते रात्रीचं भूत. काही वाजत नसताना सबवूफर दणका देतो, तेव्हा त्याची सिग्नल केबल काढा, वीज चालू ठेवा आणि वाट पाहा. (केबल काढताना सबवूफर बंद, हे वर सांगितलंच.) माझ्याकडे असा एक सबवूफर रात्री पावणेदोनला उठायचा. केबल काढून ठेवली, तरी उठला. मग वाद संपला: बाहेरून काही येतच नव्हतं, म्हणजे दोष पेटीच्या मागच्या पत्र्यावर बसवलेल्या ॲम्प्लिफायरचा. बंद पेटीत, स्वतःच्याच उष्णतेत तो वर्षानुवर्षं भाजत असतो. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने अर्धं होतं, आणि सततच्या थरथरीने सोल्डरचे जोड तडकतात, ते वेगळंच. केबल काढल्यावर आवाज थांबला तर केबल किंवा रिसीव्हर बघायचा, सबवूफर निर्दोष.

विजेच्या वाटेने येणारा फट्ट

कॉम्प्रेसर किंवा पंख्याच्या मोटरमध्ये तांब्याचं वेटोळं असतं. त्यातला प्रवाह अचानक तोडला की त्याचा दाब क्षणभर उसळतो आणि बटणाच्या आतल्या धातूच्या पत्त्यांमध्ये ठिणगी पडते. ही उसळी घरातल्या वायरिंगमधून येते, आणि ठिणगीतून रेडिओ लहरींसारखी हवेतूनही. सबवूफरची पाच-सात मीटर लांब केबल मग अँटेना बनते.

इथे स्वस्त ते महाग असा क्रम कडक पाळा. आधी सिस्टीमचा प्लग फ्रिजच्या सर्किटवरून दुसऱ्या सॉकेटवर न्या. सिग्नलच्या केबली विजेच्या वायरींना चिकटून धावत असतील तर वेगळ्या करा. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात. टीव्ही ते रिसीव्हर एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल केबल लावून पाहा. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे त्या दोघांमधला विजेचा संबंधच तुटतो. आवाज थांबला तर वाट कळली. ठरावीक एकाच बटणाने फट्ट होत असेल तर ते बटण जुनं झालंय, आत ठिणगी मोठी पडते. ते बदलून घ्या. महागडा पॉवर कंडिशनर घ्यायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मी हे सगळं करून झाल्याशिवाय तो कधी सुचवत नाही, आणि आजवर गरज पडलेली नाही.

गॅस-लिफ्टच्या फिरत्या खुर्चीवरून उठलं की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि आवाज तुटतो, हेही खरं आहे. खुर्चीतून आणि कपड्यांतून स्थिर विजेचा झटका सुटतो आणि एचडीएमआय केबल तो पकडते. बरी, आखूड, चांगलं आवरण असलेली केबल लावली की थांबतं.

गुणगुण किंवा फट्ट जावा म्हणून प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाका, असं कुणी सांगितलं तर त्याचं ऐकू नका. आवाज जाईल, पण उपकरणात दोष आला तर वीज पत्र्यावर येईल आणि तो पत्रा तुम्ही हाताने धराल.

कुठे थांबायचं

आवाज कमी असताना एक बाजू जाते आणि वाढवल्यावर फट्ट करून येते, हे लक्षण वर सांगितलं. तो बहुतेक वेळा रिसीव्हरमधला स्पीकरचा रिले असतो. त्याच्या पत्त्यांवर थर साचतो. लहान सिग्नल तो थर ओलांडू शकत नाही, मोठा ओलांडतो. रिले बदलणं दुरुस्तीवाल्याला कठीण नाही, पण पेटी उघडायला लागते, म्हणून ते काम आपलं नाही.

मल्टिमीटर वापरता येत असेल तर त्याला फोन करण्याआधी एक माप घ्या. सेट बंद करून स्पीकर काढा, सेट चालू करा, काहीही न वाजवता, आवाज शून्यावर ठेवून, प्रत्येक चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये डीसी मिलिव्होल्ट बघा. टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. दहा-वीस मिलिव्होल्ट दिसणं सामान्य आहे. शंभरच्या वर दिसले तर तो चॅनेल सतत स्पीकरला ढकलतोय. रिले जोडला जाताना येणारा ढप्प त्याचाच. तो स्पीकर परत जोडू नका.

याखेरीज जळका वास, धूर, पुन्हा पुन्हा उडणारा फ्यूज, चालू केल्याबरोबर ‘प्रोटेक्ट’ दाखवून बंद होणारा सेट, चालू होताच एका बाजूला जाऊन तिथेच अडकून राहणारा वूफरचा पडदा, आणि केबल काढूनही दणके देणारा सबवूफर: यांतलं काहीही असलं तर भिंतीवरून प्लग काढा आणि ऑडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलवा. झाकण उघडून फुगलेला कपॅसिटर बघायचा मोह होतो, मला माहीत आहे. पण प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून असते, आणि स्विचिंग सप्लायमध्ये ती तीनशे व्होल्टच्याही वर असू शकते. सॉकेट गरम लागत असेल किंवा रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ऑडिओवाला नव्हे, वायरमन बोलवा, आणि त्याच दिवशी.

दुरुस्तीला देताना ‘कधीकधी फट्ट होतं’ एवढं सांगून सेट सोडून येऊ नका. त्याच्या टेबलावर तो दोन तास गुमान वाजेल आणि ‘काही नाही यात’ म्हणून परत येईल. तो कागद सेटला चिकटवून द्या: सेट तापल्यावर किती मिनिटांनी होतं, कोणत्या चॅनेलला, अदलाबदल केल्यावर दोष कुठे गेला, मिलिव्होल्ट किती. माझा रात्री पावणेदोनचा सबवूफर तिसऱ्या खेपेला दुरुस्त झाला. पहिल्या दोन खेपांना मी कागद दिला नव्हता.